पुठ्ठ्यावरचे उतारे

दिवाळी सरली की आमचं गाव हलकं होतं. ऊसतोडीच्या मुकादमाच्या ट्रका येतात. त्यात चुली, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं चढतात. धूळ खाली बसली की निम्म्या दारांना कुलपं दिसतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. दुपारी गिरणीचा पट्टा फिरतो तो वेशीपर्यंत ऐकू येतो. गिरणी थांबली की बाभळीच्या सावल्या रस्ता ओलांडताना त्यांचाच आवाज येईल असं वाटतं. शिरूर कासार तालुक्यात अशी गावं बरीच आहेत. हिवाळाभर ती झोपेत असल्यासारखी असतात.

या झोपेत एक दुकान जागं असतं. जगदेवीअक्काचं. किराणा आहे. अक्काच्या कपाळाला विभूती, पदर खोचलेला, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. माहेर तलवाड्याचं. सातवीनंतर शाळा सुटली, ती तिनं दुकानात पुढं चालवली. साखरेच्या पुड्या रद्दीत बांधायच्या आणि बांधायच्या आधी वाचायच्या. गिऱ्हाईक उभं राही, पण बातमी संपल्याशिवाय पुडी बांधली जात नसे. फाटलेल्या कागदावर निम्मीच बातमी असली तर म्हणे, "पुढं काय झालं आसंल ते पुढच्या शेरात कळंल."

पाऊण आयुष्य दुकानात गेल्यामुळं तिला माणूस ऐकायची सवय आहे. शेजारची ताराबाई उन्हात येऊन जादा साखर मागते तेव्हा अक्का चहाची पत्तीही पुढं ठेवते. पाहुणा आला आहे हे ताराबाईनं सांगितलेलं नसतं.

दुकानाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी पोरं बसतात. मीही बसतो. गुडघे जाईपर्यंत मी ऊस तोडला, आता पायरी बरी. मला सगळे आप्पा म्हणतात.

पोरांचं एक दुखणं होतं. वाचायची खडखडीत, पण वाचलेलं विचारलं की मनातलं सांगायची. पुस्तकात एक उतारा होता. मीना दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाला जाते, मामा तिला होडीत बसवतो. खाली प्रश्न होता, मीना कोठे गेली?

"कारखान्याला," सगळी पायरी एका आवाजात म्हणाली.

"कुठं लिवलंय रे कारखाना?" अक्कानं विचारलं.

"लिवलेलं न्हाई. पर दिवाळीनंतर माणूस आजून कुठं जाणार, अक्का?"

नागप्पा, म्हणजे अक्काचा नवरा, पाटोद्याच्या बाजारातून माल घेऊन आला होता. पोती उतरवता उतरवता हसला. "दुकान हाय का बालवाडी?"

"तुमी माल आणा," अक्का म्हणाली. "डोकं आमी आणतो."

पुढं तिनं काय केलं ते सांगतो.

पोरांचे आईबाप फडावरून, म्हणजे जिथं ऊस तोडतात तिथून, फोनवर आवाज भरून पाठवत. म्हाताऱ्यांकडं बटणाचे फोन. त्यामुळं सगळ्यांचे आवाज अक्काच्या फोनमध्ये येत. संध्याकाळी ती फोन गुळाच्या ढेपेवर ठेवी आणि एकेकाची आई बोलू लागे. मागं बैलांच्या घंटा, नदीचा वारा, कुणाचं तरी खोकणं. कोरड्या रस्त्यावर एवढं पाणी ऐकू येई की पोरं पाय आखडून घेत, जणू भिजतील. शेवटचा आवाज थांबे. मग एक एक जण घरी निघे, आणि निघताना मागं वळून त्या ढेपेकडं बघे.

त्या आवाजांचेच तिनं उतारे केले. आधी नुसतं ऐकायची. मग रद्दीवर लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. शेवटी साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात उतरवायची. खाली प्रश्न. पुठ्ठा लहान, म्हणून वाक्य लहान. जास्तीचा शब्द पाल्यासारखा सोलून टाकायची. फडात ऊस बुडापासून तोडतात, वर खुंट ठेवला तर मुकादम शिवी देतो. अक्काही खुंट ठेवत नाही. असं काम करणारं माणूस मला आवडतं.

नियम एकच. "मनातलं सांगू नगं. उताऱ्यातलं सांग. बोट ठेव आन् सांग."

पोरं बोट ठेवू लागली. आईचा शब्द होता ना, कुणी घाईनं ओलांडत नव्हतं.

त्यातली एक शिवानी. शहादेव आणि सत्यभामा यांची मुलगी, पाचवीतली. बारीक, हट्टी, पेन्सिल दातात धरणारी. मागचे हंगाम ती आईबापाबरोबर फडावर गेलेली होती. पुढच्या शाळेसाठी, जिथं राहूनच शिकायचं असतं, तिथल्या परीक्षेला तिला बसायचं होतं. त्या पेपरात उतारे आणि त्यावरचे प्रश्न असतात. जाताना शहादेवनं सांगून ठेवलं होतं, "परीक्षेपर्यंत आजीजवळ ऱ्हा. पेपर लिव. न्हाई लिवला तर पुढच्या दिवाळीला ट्रकमधी तुझी जागा हायच." म्हणून तिचं सगळं त्या पेपरावर टांगलेलं होतं आणि हे पायरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा शहादेवचा आवाज आला. अक्कानं त्याचा पुठ्ठा केला. तळाला थोडी जागा उरली म्हणून आधी खोडलेलं एक वाक्य तिनं परत घातलं. उतारा असा होता:

'आम्ही नदीच्या काठाला राहतो. सकाळी धुके पडते. बैल दिसत नाहीत, त्यांच्या घंटा तेवढ्या ऐकू येतात. ऊस उंच आहे. भाकरी बाबा करतात. त्या वाकड्या होतात म्हणून आई हसते. आई खुशाल आहे. शिवानीने पोटभर जेवावे. बाबा बंकटकाकांबरोबर तोडतात.'

खाली प्रश्न. घर कोठे आहे? बैल का दिसत नाहीत? भाकरी कोण करते? आई कशी आहे?

पोरांनी पाट्या दाखवल्या. चौथ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर 'खुशाल'. शिवानीनं लिहिलं होतं, 'आई फडात जात नाही.'

अक्कानं फुली मारली. "शिवे, मनातलं लिवलंस."

"न्हाई, अक्का."

"उताऱ्यात हाय का मंग?"

"हाय." पोरीनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा बंकटकाकाबरोबर तोडतोय."

"मग? तोडंना का."

"बाबा तोडतो आन् मोळी आई बांधती. ती तर जोडी हाय. बंकटकाका यंदा एकटा आलाय, काकूला बाळ झालंय म्हणून. त्येला जोडी न्हाई. आई फडात असती तर बाबा त्येच्याबरोबर कशाला गेला असता?" बोट वर सरकलं. "आन् भाकरी बाबा करतोय. फडात जाणारी बाई पहाटं भाकरी करूनच जाती."

अक्का माझ्याकडं बघू लागली. तिचा जन्म तराजूमागं गेला, फड तिनं पाहिलेला नाही. मी मान हलवली. आमच्या कामात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको असताना पुरुष दुसऱ्या पुरुषाबरोबर तोडायला लागत नाही.

अक्कानं फुली पुसली. मग आपल्याच नियमानं विचारलं, "कावून जात न्हाई आई फडात?"

शिवानीनं पुठ्ठा पुन्हा पहिल्यापासून वाचला. ओठ हलत होते. "ते उताऱ्यात न्हाई," ती म्हणाली आणि पुठ्ठा अक्काकडं सरकवला.

अक्कानं शहादेवला फोन लावला.

शहादेव आधी धुक्याचं बोलला, मग बैलांचं. अक्का म्हणाली, "शहादेव, हवापाणी झालं. सत्यभामाकडं दे."

सत्यभामा आली. आवाज नेहमीचा, हसरा. अक्कानं सरळ विचारलं तेव्हा हसू थांबलं. कोयता निसटून नडगीवर बसला होता. टाके पडले होते. ती कोपीत, उसाच्या पाल्याच्या झोपडीत, पाय लांब करून बसून होती.

"शिवीला सांगू नका, अक्का. मुकादम म्हणतोय पोरीला बोलवा, मोळ्या बांधील. हेंचंबी मन तिकडंच झुकतंय. तिला कळालं तर ती आपणहून येईल. पेपर झाला की सांगा."

फोन नेहमीसारखा ढेपेवर, मोठ्या आवाजात लावलेला होता. शिवानी ढेपेला लागून उभी होती.

सकाळी ती कापडाची पिशवी घेऊन आली. आजीनंच भरून दिलेली. आजीचंही चुकलं म्हणता येत नाही. सून जखमी, तिला पाणी कोण देणार?

"अक्का, बिस्किटाचा पुडा द्या. शिरूरहून गाडी हाय म्हणती आजी."

"कुठं चाललीस?"

"कारखान्याला."

अक्कानं बिस्किटं दिली नाहीत. म्हणाली, "बस. तू सगळं ऐकलंस ते मी रात्री तुझ्या आईला सांगितलं. पहाटंच तिचा आवाज आलाय. उतारा झाल्याबिगर मी कुणाला सोडत न्हाई."

अक्का लिहायला बसली. मी पाहत होतो. धूप जळत होता. ऊन पायरीवर चढत होतं. पोरीची पिशवी मांडीवर, नजर रस्त्यावर. अक्का लिहायची, खोडायची, फोन कानाला लावायची, पुन्हा लिहायची. इतर वेळी लावते तेवढाच वेळ लावला, घाई केली नाही. तराजूची साखळी वाऱ्यानं हलत होती. बिनआवाजाच्या पाण्यात काहीतरी तरंगावं तसा तो सकाळचा वेळ तरंगत होता.

मग तिनं पुठ्ठा पोरीच्या हातात दिला.

'पायाला टाके आहेत. दुखते, पण झोप लागते. मुकादम म्हणतो, शिवानीला बोलवा. बाबा गप्प आहेत. मी म्हणाले, पोर माझ्याकडे येणार नाही, मी पोरीकडे जाते. चाऱ्याचा टेम्पो तिकडे निघाला आहे. मी उसाच्या वाढ्यांवर निजून येईन. बाबा आणि बंकटकाका यांची जोडी लागली आहे.'

खाली जागा कोरी होती.

"प्रश्न कुठं हायत?" शिवानीनं विचारलं.

"तू काढ."

पेन्सिल दातात गेली. बऱ्याच वेळानं तिनं लिहिलं, 'शिवानीने कोठे थांबावे?'

"उत्तर उताऱ्यात हाय का?" अक्का म्हणाली.

शिवानीनं बोट ठेवलं. मग पिशवी उचलली आणि आजीला पुठ्ठा वाचून दाखवायला घरी गेली. बिस्किटाचा पुडा अक्कानं मागून पाठवला, तो मी नेला.

सत्यभामा आली ती दिवेलागणीला. टेम्पो रस्त्याला वळला तेव्हा आधी वास आला, हिरव्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या कोवळ्या शेंड्यांचा. आमच्या कोरड्या गावात तो वास शिरला तशी म्हातारी माणसं दारात आली. वाढ्यांच्या ढिगावर सत्यभामा झोपली होती. अंगावर घोंगडी, केसांत पात्यांचे तुकडे, पाय पांढऱ्या पट्टीत. कुणी तिला लगेच उठवलं नाही. ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवला नाही. शिवानी चाकावर पाय देऊन वर चढली आणि आईच्या बाजूला नुसती बसून राहिली. घरं, बाभळी, कुलपं सगळी त्या वासात थोडा वेळ भिजली.

शनिवारी नागप्पानं पोरीला मोटरसायकलवर बसवून शिरूरला पेपराला नेलं. त्या दिवशी पायरीवर सत्यभामा बसली. पाय रिकाम्या पोत्यावर ठेवलेला. रस्त्यावर धूळ उठली की मान वळवायची.

ऊन उतरलं तेव्हा मोटरसायकल आली. सत्यभामानं विचारलं, "कसा गेला गं पेपर?"

"तसं इचारू नये," अक्का म्हणाली. "उतारा कशाचा व्हता ते इचार."

शिवानी आईच्या पोत्याजवळ बसली आणि उतारा सांगू लागली. पक्ष्यांचा होता. लांबच्या थंड मुलखातले पक्षी. तिथं तळी गोठतात, खायला मिळत नाही. मग ते थवा करून उडतात. पुढचा पक्षी दमला की मागचा पुढं येतो. दिवसा उडतात, चांदण्यातही उडतात. खाली डोंगर जातात, शेतं जातात, दिवे जातात. हंगाम संपला की त्याच वाटेनं परत येतात. शिवानी सांगत होती आणि हातानं थवा दाखवत होती. पायरीवरची पोरं वर बघू लागली. वर काही नव्हतं, नुसतं निळं होतं, पण सगळी बघत राहिली. सत्यभामानं डोळे मिटले होते.

"आता प्रश्न," शिवानी म्हणाली. "आई, तू सांग. थंडीत पक्षी कुठं जातात?"

"कारखान्याला," सत्यभामा डोळे न उघडताच म्हणाली.

पोरं पायरीवर लोळली. नागप्पा आतून म्हणाला, "घ्या! आजून एक पोर वाढलं बालवाडीत."

"आई, आसं न्हाई," शिवानी म्हणाली. "उताऱ्यातलं सांगायचं. पाण्याकडं जातात. पाण्याकडं लिवलंय."

सत्यभामानं डोळे उघडले. कुलपं लावलेल्या दारांवरून तिची नजर रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, जिथून ट्रका जातात.

"मंग तेच की गं," ती म्हणाली. "पानी तिकडंच हाय."

शिवानीनं अक्काकडं पाहिलं. अक्कानं चष्मा काढला, दोऱ्याची गाठ चाचपली, परत घातला. मग खोक्यातला एक कोरा पुठ्ठा ओढून तिनं शिवानीच्या पुढं सरकवला.

"लिव," ती म्हणाली. "उद्याचा उतारा ह्योच."