साहेबाच्या घाटावरच्या तिघी

हे लिहिणारच नव्हतो. लिहिलं की खरं वाटायला लागतं, आणि ती बाई मला खरी नकोय.

पण सांगतो.

माझा मित्र सन्मती. त्याची पद्माआत्या दिवाळीआधी वारली. तिच्या खोलीतलं एक चित्र त्यानं मला दिलं, कारण जुनी छापील चित्रं जमवायचं मला वेड आहे. कुणा इंग्रज साहेबानं काढलेला नदीचा घाट, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. अस्सल माल. फक्त घाटावर आंघोळ करणाऱ्या तीन बायकांच्या अंगावर आत्यानं जर-टिकल्यांची लुगडी शिवून ठेवलेली. कागदात सुई घालून! जमवणाऱ्या माणसाचा जीव जातो हे बघून. सांगलीच्या प्रदर्शनात ठेवायचं तर चित्र साफ हवं. व्हिडिओ बघून शिकलोय मी हे सगळं. दुपारी पहिल्या बाईचे टाके काढले आणि टेबलावरच डोकं टेकलं.

डोळे मिटतायत. पंखा घरघरतोय. मग ती घरघर पाण्याची होते.

समोर पद्माआत्या बसलीय. चष्मा नाकावर, दोरा दातात.

"दुपारची झोप लागते होय रे चोरांना?"

"चोर कुणाला म्हणता? सन्मतीनं दिलंय मला."

"त्याच्या बापाचं होतं काय ते?"

मी उठतो. पायाखाली घाटाची पायरी. सगळं काळ्या बारीक रेघांचं. पाणी रेघांचं, आभाळ रेघांचं, माझा हातसुद्धा. खाली उतरतो तर सन्मतीचं स्वयंपाकघर. ओट्याजवळ एक बाई पाठमोरी उभी, ओली, अंगावर काही नाही. मी मान फिरवतो.

"आता का लाजतोस? मघाशी भिंग लावून बघत होतास की."

"चित्र आहे ते, आत्या."

"साहेबानं विचारलं होतं तिला? बसला झाडाआड, काढल्या आमच्या बायका उघड्या. आमच्या ह्यांनी हौसेनं आणून भिंतीला लावलं. पाहुणे घास हातात धरून बघत बसायचे. मग घेतली मी सुई."

"भोकं पाडलीत तुम्ही. वाट लावलीत चित्राची."

"आणि तू? चिमट्यानं निऱ्या सोडल्यास तिच्या. आईसमोर करशील हे?"

डोकं फिरतं माझं. मेलेल्या बाईशी भांडतोय, आणि हरतोय.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!" मी ओरडतो.

ती माझं मनगट धरते. हात गरम, तापातल्यासारखा.

"बरं. मग आता तुलाच शिवते."

जागा होतो. टेबलावर ऊन आलेलं. मनगटाला जरीची तार, कातडीत रुतलेली. काढलेली जर समोरच पडली होती, झोपेत गुंडाळली गेली असेल. पण गाठ? बारीक, आतल्या बाजूला, टोक लपवलेली. मला साधं बटण लावता येत नाही.

कात्रीच घ्यावी लागली.

सन्मतीला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, हसेल.

"आत्या तशीच होती, भांडकुदळ," तो म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "अभ्या, त्या पहिलीचं काय आता?"

आत्यावरचा राग अजून गेलेला नाही माझा. भोकं ती भोकंच. पण सन्म्याला शब्द दिलाय: वाकडेतिकडे का होईना, टाके घालायला शिकेन. आणि तिला परत नेसवल्याशिवाय ते चित्र कुणाच्या नजरेसमोर ठेवणार नाही.