गुणपत्रिकेवरचा दगड

‘शांत, संयमी व्यक्तिमत्त्व हरपले’... सांगलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत असताना विभागाच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि रडू यायच्या आधी मला रागच आला. जाधव सर आणि शांत? ज्यांनी हे लिहिलं त्यांच्याशीच सर जन्मभर भांडले. भांडणाचं कारण एकच, पीएचडीच्या मुलांची सर्वंकष परीक्षा. सगळे पेपर झाल्यावर तज्ज्ञांसमोर बसून पूर्ण विषयावर तोंडी उत्तरं द्यायची, तरच संशोधन पुढे सरकतं. पण आत आधी जायची ती गुणपत्रिका. चांगल्या ग्रेडवाल्याला गोंजारायचं, कमीवाल्याला सोलून काढायचं, असा रिवाज.

मी माण तालुक्यातली, विषय मृदाशास्त्र, पाठांतराच्या नावानं बोंब. ग्रेड जेमतेम. ‘हिला यंदा बसवू नका,’ असं विभागप्रमुख माझ्यादेखत म्हणाले. सर उठले. खिडकीत मी गावाहून आणलेला मुरमाचा दगड होता. माझी गुणपत्रिका पालथी घालून त्यांनी तो वर ठेवला.

“आता इचारा. माती इचारा तिला, मार्क नगा इचारू.”

तासभर विचारलं. मी दोनदा चुकले, एकदा सरळ ‘माहीत नाही’ म्हणाले, पण आमच्या रानात पाणी का ठरत नाही यावर बोलायला लागले ते थांबेचना. मी पास झाले आणि वर्गात पहिली येणारी माझी मैत्रीण त्याच दिवशी नापास झाली. तिला दुसरी संधी मिळावी म्हणूनही सरच भांडले.

पेढे घेऊन गेले तर म्हणाले, “लय हुरळू नगंस. ग्रेडनं कळतं, पोरगी काय वाचून आली. अडल्यावर काय करती, ते न्हाई कळत.” मग पेढा मोडत म्हणाले, “कोरेगावच्या एका पोराला मीच ग्रेड बघून थांबवलं हुतं. परत आलाच न्हाई त्यो. तवापास्नं कागद पालथा घालतोय.”

सरांचे दिवस झाल्यावर साताऱ्याला त्यांच्या घरी गेले, तेव्हा काकूंनी सरांनी जपून ठेवलेला तो दगड माझ्या हातात ठेवला. “घिऊन जा बाई. तुला भांडायला लागंल.”

लागलंच. मागच्या आठवड्यात परीक्षक म्हणून बसले होते. अध्यक्षांनी एका मुलीचा कागद पुढे सरकवला. “मॅडम, आधी ग्रेड बघून घ्या.” मी तो पालथा घातला आणि पिशवीतून दगड काढून वर ठेवला.

“हे नियमात नाही,” ते म्हणाले.

“नसू दे,” म्हटलं आणि मुलीला आत बोलावलं.