इवायांची दुसरी पेटी

ये गं, अशी जवळ सरक. दाराशी काय बसतेस अर्धी आत अर्धी बाहेर, जशी काही रिक्षा उभी करून आलीस. आणि हे बघ, काल फोनवर सगळ्यांच्या देखत तू माझ्या इवायांना कासव म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नाही. भाची झालीस म्हणून काय झालं, मोठ्या माणसाला असं म्हणू नये. शिवाय ते खरंही नाही. कासव त्यांच्या गाडीच्या पुढं निघून जाईल, आणि पुढं जाऊन काळजीनं मागं वळून बघेल.

इवाई म्हणजे तुमच्या पुण्याकडचे व्याही, आणि मी त्यांची इहीन, म्हणजे विहीण. माझ्या लेकीचे सासरे, राहणार अकोला. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आणि वर अकोटच्या डोंगरापर्यंत शोधलंस तरी इतका सावकाश माणूस तुला सापडायचा नाही. आणि गंमत अशी, की याच्याइतका घाईचा माणूसही सापडला नसता. दोन्ही मान त्यांचेच.

पूर्वी हे गृहस्थ म्हणजे वावटळ होते. दारात ‘जयभीम’ म्हणायचे आणि आपण ‘जयभीम’ म्हणेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन, पाणी पिऊन परत चपला शोधत असायचे. चहा विस्तवावरून उतरला की थेट घशात. सुमनताई, म्हणजे त्यांच्या बायको, सांगायच्या की यांच्या नरड्याला आतून पत्रा मारलेला आहे. बी-बियाण्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं तुरीचं बी मागायला तोंड उघडावं, तोवर यांनी सरकीची पिशवी बांधून पुढच्या माणसाकडे मान वळवलेली असायची. लोक मुकाट्यानं सरकी पेरायचे.

त्या घाईतून त्यांना एक खोड लागली. मधलं म्हणून काही त्यांना खपायचंच नाही. जिना चढताना मधल्या पायऱ्या गाळायचे, पंगतीत वरणावरून थेट ताकावर यायचे, आणि कुणी गोष्ट सांगायला लागलं की म्हणायचे, ‘मंधातलं सोडा, शेवटी काय झालं ते सांगा.’ लेकीची सोयरीक ठरताना दोन्हीकडचा एक मध्यस्थ होता. इवायांनी त्याला बाजूला केलं. आपण दोन घरं धडधाकट असताना तिसरा कशाला, म्हणाले. परिणाम असा झाला, की बोलणीच्या दिवशी आम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन अकोल्याला त्यांच्या दारात, आणि दाराला कुलूप. तेवढ्यात त्यांचा फोन. ‘इहीनबाई, तुमी कुठी आहा?’ मी म्हटलं, तुमच्या ओसरीवर. मग म्हणाले, ‘आमी तुमच्या.’

आता आधी परत कुणी फिरायचं? मुलीकडचे कमीपणा घेणार नाहीत आणि मुलाकडचे तर त्याहून नाहीत. शेवटी अर्ध्या वाटेत, मूर्तिजापूरच्या एका रसवंतीत भेटलो आणि उसाच्या रसावर सोयरीक पक्की झाली. मधलं नको म्हणणाऱ्या माणसाच्या पोराचं लग्न ठरलं ते नेमकं मध्येच.

मग ते झालं. अकोटच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. झाडं सुमनताईंनी लावलेली. कलमं आणली त्यांनी, खड्डे भरून घेतले त्यांनी, पहिल्या उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी घातलं तेही त्यांनीच. त्या दिवशी दोघं मोटारसायकलवर तिकडेच निघाले होते. रस्त्यात एक नवा गतिरोधक, पट्टेबिट्टे काही मारलेले नाहीत. इवायांनी आपल्या चालीनं तो उडवला. पुढं गेल्यावर मागं मान वळवून त्यांनी काहीतरी विचारलं, तर उत्तर द्यायला मागं कुणी नव्हतं.

सुमनताईंच्या मणक्याला मार बसला. वाचल्या, पट्टा बांधून घरात हिंडू-फिरू लागल्या, पण धक्का म्हणून सोसेना. रिक्षा खड्ड्यात गेली तरी चेहरा पांढराफटक व्हायचा. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि बगीचा सुटला, कारण तिथं जायला नाला ओलांडावा लागतो, आणि तो नाला म्हणजे नुसते पाण्याच्या गुंडाएवढे, घागरीएवढे गोटे. नवऱ्याला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. ‘बोलली असती तं बरं झालं असतं,’ असं इवाई मला एकदाच म्हणाले.

तेव्हापासून माणूस सावकाश झाला. मोटारसायकल देऊन टाकली. पंखा एकवर. मिक्सर गेला, पाटा आला. घास इतका चावायचे, की वाढणारी हात पुसून दुसऱ्या कामाला लागायची. त्यांचा ‘जयभीम’ आता एवढा लांबायला लागला, की समोरचा उत्तर देऊन, चार पावलं जाऊन, राहिलेला ऐकायला परत यायचा.

आणि मग त्यांनी ती जुनी पिकअप आणली. हिरवी, चारही चाकं ओढणारी, समोर दोघांपुरती बैठक आणि मागं उघडा डाला. अशा गाडीत गिअर बॉक्सच्या मागं आणखी एक लोखंडी पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाची ताकद ती पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते, आणि तिचा दांडा ओढला की गाडी हळू पण जोरानं चालते. कुणाचंही एवढ्यावर भागलं असतं. इवायांनी गाडी नाल्यात घातली, बाहेर काढली, आणि म्हणाले, अजून धक्का बसते. भंगारातून त्याच जातीची दुसरी पेटी आणली. पहिलीच्या मागं दुसरी जोडायची. म्हणजे अर्धी भाकर करायची आणि त्या अर्धीची पुन्हा अर्धी. हळूचं हळू.

पोरी, त्या गाडीनं त्यांच्या अंगणाचं काय केलं म्हणून सांगू! गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, पोटातलं सगळं बाहेर. दुसरी पेटी आल्यानं मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांब पडायला लागला आणि पुढचा आखूड. मग मागचा कापा, पुढचा वाढवा, एकाची बाही फाडून दुसऱ्याला शिवावी तसं. बैठकीखालचा पत्रा कापून नव्या दांड्याला भोक पाडलं. माझ्या लेकीच्या परातीत नटबोल्ट भिजत घातलेले, आणि ती बिचारी ताटलीत कणीक मळतेय. दोन्ही पेट्या जोडायची जाड चकती खरादावर, म्हणजे लेथवर, करून द्यायला शब्बीरभाई होते. त्यांचा इवायांवर भारी जीव, पण तेही म्हणायचे, ‘साहब, दुनिया स्पीड बढ़ाने आती है मेरे पास, आप अकेले घटाने आते हो.’

सगळं जमत आलं आणि त्या जुन्या खोडीनं डोकं वर काढलं. दुसरी पेटी उघडल्यावर आत तीन दातेरी चाकं दिसली, एकाला एक लागून. मधल्याकडे बोट दाखवून इवाई मला म्हणाले, ‘हे काहीच करत नाई, नुसतं फिरते. आमच्या पोरासारखं.’ माझा जावई तिथंच उभा होता. शब्बीरभाईंनी हात जोडले, कंपनी ने कुछ सोच के डाला होगा म्हणाले. इवाई म्हणाले, कंपनीले वजनावर माल इकाचा असते. आणि मधलं चाक काढून, बाकीची दोन मोठी करून घेऊन, थेट एकमेकांना भिडवली.

चाचणीच्या दिवशी मला अमरावतीहून खास बोलावणं. मला वाटलं, मानानं बोलावलं. गेल्यावर कळलं की वजनाला बोलावलं. ‘राग मानू नका इहीनबाई, पण तुमचं अन् हिचं वजन सारखंच दिसते.’ आता इवायानं थट्टा करावी आणि इहीनीनं ती गिळावी, ही आपल्याकडची रीतच. राग येऊनही मी चढून बसले. त्यांनी माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेला कढीचा गंज, म्हणजे पातेलं, दिला. थेंब सांडला तर गाडी नापास.

पहिला टाकला. दोन्ही पेट्यांचे दांडे खाली. गाडी निघाली आणि खरं सांगते, निघाली हे मला कळलंच नाही. मी समोरचं घर बघत होते, ते हळूहळू लहान व्हायला लागलं. गाडी मागं चालली होती! लेक ओरडली, जावई ओरडला, आणि इवाई त्या कढीकडे असे टक लावून बघत होते, की त्यांना बँडही ऐकू आला नसता. मागं शेजारचे मास्तर खुर्ची टाकून चहा पीत होते. गाडी इतकी हळू, की त्यांनी कप संपवला, खुर्ची उचलून बाजूला ठेवली, दोरीवरचे कपडे काढले, सायकल हलवली, आणि मग गाडीच्या बरोबरीनं चालत खिडकीतून इवायांशी भांडायला सुरुवात केली. इवाई त्यांना बोटानं गप्प करत होते. शेवटी गाडी मास्तरांच्या कडब्याच्या गंजीला जाऊन टेकली, पाहुणा लोडाला टेकतो तशी. इवायांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी. ‘थेंब नाई सांडला,’ म्हणाले.

‘पन गाडी मांगं आली ना,’ मास्तर म्हणाले.

मग एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे मागं. पुढं जायचं तर फक्त रिव्हर्स. शब्बीरभाई ओट्यावर बसून पोट धरून हसले. इवाई मात्र खचले. अंगणात सगळ्यांना चहा झाला तरी ते गाडीच्या पायरीवरच बसून होते. सुमनताई पडवीतल्या खुर्चीवरून सगळं बघत होत्या. पट्टा सावरत उठल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, ते मंधातलं काढलं तुमी. दोन चाकं भिडवली तं एक इकडं फिरन, दुसरं तिकडं. मध्यस्थ काढला तवा इहीनबाई आपल्या दारात अन् आपण त्याईच्या, ते भुलले काय?’

एवढं लांब वाक्य त्या पडल्यापासून नवऱ्याशी बोलल्याच नव्हत्या.

पेटी पुन्हा उतरली, मधलं चाक पुन्हा बसलं. बगीच्यात नवा बहार फुटायच्या सुमाराला आम्ही निघालो, भल्या पहाटे. पुढं दोघं नवरा-बायको, मागं डाल्यात गादी टाकून मी, मांडीवर कढी. गंज आधी सुमनताईंच्याच मांडीवर ठेवणार होते. ‘कढी ठेवसान तं उतरून जाईन,’ त्या म्हणाल्या. डांबरी रस्त्यावरही इवायांनी गाडीचा वेग वाढवला नाही. तुराट्यांचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई मागून आली, बरोबरीनं चालली, गाडी बिघडली का विचारून पुढं निघून गेली.

नाला आला. दोन्ही दांडे खाली. म्हैस पाण्यात उतरताना जसा पायानं तळ चाचपते, तशी ती गाडी एकेक गोटा चाचपत उतरली. सुमनताईंनी खिडकी घट्ट धरून डोळे मिटले होते. मीही गंज छातीशी धरला होता, कारण आता एक धक्का बसला असता तर ही बाई पुन्हा घराबाहेर पडली नसती आणि हा माणूस पुन्हा उभा राहिला नसता. समोरचं चाक पलीकडच्या काठाला लागलं, तेव्हा त्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, ‘नाल्यात कव्हा उतरसान?’

‘निघालो बी,’ इवाई म्हणाले.

बगीच्यात त्या एकेका झाडाजवळ गेल्या. फुलांचा असा वास सुटला होता, की बोलावंसं वाटेना. त्यांना वाटलं. पानसोट, ते फुकटचे फुटवे, काढले नाहीत, आळी बुजली, या झाडाला काय उपाशी मारता, असं सगळ्या झाडांच्या वतीनं त्या नवऱ्याला झाडून बोलल्या. ते खाली मान घालून लाडू खाल्ल्यासारखे ऐकत होते.

परतताना नाला ओलांडला, रस्ता सपाट लागला, तरी गाडी आपली तशीच. मग आतून सुमनताईंचा आवाज आला. ‘काहो, जरा दाबा ना. अशानं घरी पोचेपर्यंत नातू कॉलेजात जाईन.’

गाडी थांबली. मी मान उंचावून मागच्या काचेतून आत बघितलं. बऱ्याच वेळानं त्यांनी एक दांडा वर घेतला. एकच. दुसऱ्यावर हात गेला आणि तिथंच राहिला. तो दांडा सुमनताईंनी ढकलला.

गाडीनं झेप घेतली आणि सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच कढी सांडली, माझ्या नव्या लुगड्यावर.

हळदीचा तो डाग अजून गेलेला नाही, मीही फार घासला नाही. सुमनताईंची पाठ आता पूर्वीसारखी व्हायची नाही. इवाईही व्हायचे नाहीत. कधीतरी त्यांचा तो दारातला धावता जयभीम आठवतो आणि चुकल्यासारखं वाटतं. गाडी तर आम्हा तिघांहून म्हातारी. म्हणून म्हणते, आज निघालीस तर नीघ, पण फळं उतरायच्या आत पुन्हा ये, आणि अकोल्याला चल माझ्याबरोबर. इवाई स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर येतो म्हणालेत. फक्त दिवस आधी कळव, म्हणजे त्यांना आदल्या दिवशी निघायला सांगता येईल.