स्वीडनच्या बाईचं निळं बाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवाला तरी सांगितलं असेल म्हणाल तर तेही नाही — काळारामाच्या पायरीवर किती वेळा बसलो असेन, पण तिथंही गुडघ्याचं नि नातवाच्या परीक्षेचंच बोललो. हे बोललो नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं येतं. पण सरळ रेघ मारायची हाताला सवय आहे.

नाशकात सातपूरला माझं पत्र्याचं शेड होतं. सुतारकाम. खोटं कशाला बोलू — त्या भागात माझ्या तोडीचा सुतार नव्हता. आजही नाही. सागवानाचं कपाट मी केलं तर त्याचं दार बोटानं ढकललं की आपलं आपण लागायचं, आवाज न करता. माझ्या शेडातून ओबडधोबड वस्तू बाहेर गेली असं कुणी म्हणू शकत नव्हतं. हा माज होता, आणि तो मी कष्टानं कमावलेला होता. पुढचं जे घडलं ते या माजामुळंच घडलं असं सांगितलं तर सोपं होईल. पण माजानं फक्त अर्धं घडवलं. उरलेलं अर्धं कशानं घडवलं, तेच सांगायला बसलोय.

नव्वदच्या पुढची गोष्ट. अंबडच्या एका कारखान्यात मशीन बसवायला स्वीडनहून इंजिनिअर आला होता, तीन वर्षांसाठी. गंगापूर रोडला बंगला घेतला भाड्यानं. त्याची बायको इंग्रीडबाई. ती कंपनीच्या माणसाबरोबर माझ्या शेडात आली. मी सागवान दाखवतोय, शिसम दाखवतोय, आणि बाईचा हात कुठं? तर कोपऱ्यातल्या खोक्यांवर. परदेशातून मशीन ज्यात येतं ती पाइनची खोकी — पांढरट लाकूड, गाठीगाठींचं. आम्ही ती भंगारात घ्यायचो नि त्यांच्या मांडण्या करून विकायचो. बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, घरातलं सगळं यातच करायचं.

मी म्हणालो, “बाई, इसमें मशीन आता है. आदमी नहीं बैठता.”

ती हसली. “मेरे घर में बैठता है.”

मला वाटलं, कंजूष आहे. मग बंगल्यावर माप घ्यायला गेलो दिवेलागणीला, तर घरात अंधारच. वॉचमनला विचारलं, फ्यूज उडाला का रे? तो म्हणाला, नाही मिस्त्री, बाईंनी सगळ्या ट्यूबलाइटी काढायला लावल्या. आत गेलो. कोपऱ्याकोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर बारके दिवे. खिडकीत मेणबत्ती. जेवायच्या टेबलाला सहा खुर्च्या, सहाही वेगळ्या. भद्रकालीच्या जुन्या बाजारातून पोचे पडलेलं तांब्याचं घंगाळ आणलेलं, त्यात लोकरीचे गुंडे. धनगराकडून घेतलेलं घोंगडं आरामखुर्चीवर टाकलेलं. आपल्याकडं पाहुणे येणार म्हटलं की जे माळ्यावर ढकलतात, ते सगळं तिनं दर्शनी मांडलेलं.

हसू आलं मला. पण खरं सांगतो — त्या खोलीत मी माप घेऊन झाल्यावरही उठलो नाही. तिथं बसावंसं वाटत होतं. का, ते तेव्हा कळलं नाही.

तर मी खिडकीखालची बैठक केली, ताटल्या उभ्या ठेवायची मांडणी केली, दाराशी कोट अडकवायच्या खुंट्या केल्या. आणि रंगाला दगडूला नेलं.

दगडू माझा गाववाला, दिंडोरीकडचा. एकाच एसटीनं नाशकात आलो दोघं. मी लाकूड करायचो, तो पॉलिश. लोकांसमोर मला वामनशेठ म्हणायचा, एरवी वामन्या. बाईला पॉलिश नको होतं. तिला लाकूड पांढुरकं हवं होतं, पण आतल्या रेषा दिसायला हव्या. दगडूनं आठ दिवस फळकुटांवर प्रयोग केले. शेवटी चुन्याची निवळी, त्यात डिंकाचं पाणी, हातानं लावायचं आणि ओलं असतानाच सुती फडक्यानं पुसून घ्यायचं. दुधावरच्या सायीसारखं लाकूड दिसायला लागलं. बाईनं त्याच्या हातावर हात ठेवला नि त्याला आपल्या टेबलाशी बसवून कॉफी दिली. सहा वेगळ्या खुर्च्यांतली सगळ्यात चांगली खुर्ची दिली.

दगडू चहाच्या टपरीवर मला म्हणाला, “वीस वर्षं झाली, ‘ए पॉलिशवाला’ याच्यापल्याड मला कुणी हाक मारली नाय. ही बाई नावानं बोलावती. दगदू म्हणती. चालतंय की.”

“दगडाचं दही झालं तुझं,” मी म्हणालो.

“जळतोय का?”

जळत होतो का? थोडा. आता लिहायलाच बसलोय तर लिहितो — थोडा जास्तच. बाईनं त्याला सांगितलं होतं की वरच्या मजल्याची लाकडी जमीन तूच कर, आणि कारखान्यात आणखी तीन कुटुंबं येतायत, त्यांची घरंही तुझीच. मिस्त्रीचं नाव आधी यायला हवं होतं ना?

त्याच वर्षी उन्हाळ्यात ते लोक महिनाभर मायदेशी गेले. जायच्या आधी बाई टेम्पोत घालून एक बाक घेऊन आली. स्वयंपाकघरातलं बाक, त्यांच्या आजीच्या घरचं, जहाजातून आणलेलं. झाकण उचललं की आत पोरं झोपायची म्हणे, थंडीची. निळा रंग, पण कसला — ठिकठिकाणी उडालेला. बाकाच्या उजव्या हातावर तर निळ्याखालचा तांबडा रंगही झिजून लाकूड उघडं पडलेलं. एका पायाला इथं आल्यावर वाळवी लागली होती.

बाई म्हणाली, फक्त पाय. रंग नको. दुसरं काही नको.

मी ऐकलं. बहिरा नव्हतो. पण आपल्याकडं ‘नको’ म्हणजे काय असतं? जेवायला बसलेला माणूस ताटावर हात धरतो, नको नको म्हणतो, नि आपण वरून पोळी वाढतोच. न वाढणारा यजमान कसला? गिऱ्हाईकही तसंच. जास्त काही करू नका मिस्त्री, म्हणतं, आणि मग चकचकीत वस्तू पाहून खूश होतं. जन्मभर मी असंच काम केलं. ‘नको’ ऐकून थांबलेला सुतार मी पाहिला नव्हता.

थांबलेला एक माणूस तेवढा पाहिला, पण तो सुतार नव्हता. मी दगडूला म्हणालो, हे बाक घासून सागवानी रंगात चमकव, बाई आली की डोळे फाटतील. दगडूनं झाकण उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बाई नको म्हनली ना?”

“अरे, म्हणतातच तसं.”

“ही तशी नाय. ही नको म्हनली म्हंजे नको हाय. म्या हात लावनार नाय, वामन्या. तू बी लावू नगस.”

आणि गेला उठून.

पॉलिशवाल्यानं मला शिकवायचं? मी हट्टाला पेटलो. नवा पाय बसवला — सांधा असा की नखही जाऊ नये — आणि मग रंधा घेतला. निळा रंग गेला, तांबडा गेला. उजव्या हातावरचा झिजलेला खळगा लांबीचा लगदा भरून सपाट केला. शेवटी झाकण उचललं. आतल्या बाजूला पेन्सिलीनं नावं होती. सात-आठ असतील, एकाखाली एक, प्रत्येकापुढं साल. काही पोरांच्या अक्षरातली, वाकडी, माझ्यासारखी. मला त्यांची भाषा वाचता येत नव्हती. पण पेन्सिलीनं लिहिलेलं नाव म्हणजे काय, हे कळायला वाचता यावं लागतं का? रंधा हातात धरून मी थांबलो होतो. मोजून सांगतो, एक बिडी ओढून होईल इतका वेळ. मग चालवला. इतकं सगळं गुळगुळीत केल्यावर आतलं तेवढं मळकट ठेवायचं? माझ्या शेडातून?

चार हात पॉलिश दिलं. तोंड दिसत होतं त्यात.

ते लोक परत आले त्याच आठवड्यात मी बाक बंगल्यावर पोचवलं. बाई दारात आली. तिचा हात आपोआप उजव्या बाजूला गेला, जिथं खळगा होता तिथं, आणि तिथंच फिरत राहिला. तिची आजी उठताना तिथं हात टेकायची, हे तिच्या नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. मग तिनं झाकण उचललं. आत पाहिलं. आणि जमिनीवर बसली — अशी बसली, जसं कुणी मयताच्या घरी बसतं.

रडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, “किसने किया?”

हीच ती वेळ. उत्तर एका अक्षराचं होतं.

मी म्हणालो, “दगडूने. मैं गाँव गया था.”

जन्मात बोलताना मी कधी अडखळलो नाही. तेव्हाही अडखळलो नाही. पटकन, स्वच्छ, माप घेतल्यासारखं खोटं बोललो.

ती म्हणाली, “दगदू?” एकदाच. मग म्हणाली, “ठीक है.”

सोमवारी दगडू डबा नि फडकी घेऊन बंगल्यावर गेला. वरची जमीन अर्धी झाली होती. वॉचमन म्हणाला, बाईंनी सांगितलंय काम संपलं. दगडू म्हणाला, अरे अर्धं राहिलंय, तू विचार तरी. तीन दिवस गेला तो. तिसऱ्या दिवशी बाई गॅलरीत दिसली त्याला. तिनं पाहिलं नि आत गेली.

मग तो माझ्या शेडात आला. फडकी तशीच खांद्यावर. विचारलं, “वामन, माझं काय चुकलं रे?” वामन्या नाही म्हणाला, वामन म्हणाला.

मी रंध्याचं पातं घासत होतो. मान वर न करता म्हणालो, “मोठ्या लोकांचं असंच असतं.”

त्याला ते पटलं. माझं बोलणं त्याला कायम पटायचं.

बाकाचं त्यानं कधी विचारलं नाही. मी घासलं असेल हे त्याला वाटलं असणारच. पण त्याचं नाव मी घेतलं असेल — हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

वरची अर्धी जमीन मी पूर्ण केली. त्याचीच निवळी, त्याचाच डिंक, पुसायची त्याचीच पद्धत. ती तीन घरंही मी केली. दगडूनं पॉलिश सोडलं. आता बोटाला गोडी नाय राहिली, म्हणाला. पिंपळगावला द्राक्षाच्या पेट्या ठोकायला जाऊ लागला, हंगाम असेल तसा.

तीन वर्षं भरली तशी बाई गेली. निरोपाला मला बोलावलं, हात हातात घेतला, म्हणाली, तुमच्यामुळं हे घर झालं. खोलीत आम्ही दोघंच होतो. ती परवा विमानात बसणार होती. तेव्हा खरं बोलून माझं काय जाणार होतं? काहीच नाही. तरी बोललो नाही. तोवर ते खोटं मला हाताला बसलेल्या वाकसाच्या दांड्यासारखं झालं होतं.

दोन हजारनंतर कॉलेज रोडला फ्लॅट उठले आणि लोकांना तसलंच घर पाहिजे झालं — पांढुरकं लाकूड, खाली दिवे, खिडकीत बैठक. ज्यांना त्यांना वामन मिस्त्रीच लागायचा. माझं नाव झालं. काम चांगलं होतं, ते कुणी नाकारू नये. मीही नाकारत नाही.

पुढं पोरानं फ्लॅट घेतला तो मी तसाच सजवला. वास्तुशांतीला दगडू आला, धुतलेला सदरा घालून. पाहुणे गच्च. दगडू भिंतीकडेच्या मांडणीपाशी गेला, तळहात लाकडावर ठेवला, आणि सरकवत सरकवत पार टोकाला नेला. मला वाटलं, आता म्हणेल — ही माझी रीत. म्हणायचा हक्क होता त्याचा.

तो म्हणाला, “लय झ्याक बसलाय तुझा हात. बाईनं बघाया पायजे व्हतं.” मग म्हणाला, “माझ्यावर कशानं तरी नाराज झाली बघ ती. देव जाणे. बाई मातूर मनाची चांगली.”

मी त्याला जेवायला बसवलं. जिलबी वाढली. तो नको म्हणाला, तरी वाढली.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. तो माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. संध्याकाळी माझ्याच ओट्यावर येऊन बसतो. तोंडावर सांगायची हिंमत आजही नाही — रंध्यापुढं कधी न भ्यालेला मी त्या एका म्हाताऱ्याला भितो. म्हणून कागदावर लिहितोय, पेपराला धाडणार आहे, आणि हे छापून आलं की त्याची नात त्याला वाचून दाखवेल. ती त्याला सगळंच वाचून दाखवते.

तर दगडू, ऐक. तू हात लावला नव्हतास. तू नको म्हणालास. बाक मी घासलं, नावं मी पुसली, आणि बाईनं विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं.