अहिराणीची पहिली दुपार

लग्नानंतर वर्षभरात नवऱ्याची पुण्याहून धुळ्याला बदली झाली. घरात बसून मी कंटाळले आणि जवळच्या खेड्यात बायकांना लिहा-वाचायला शिकवायला बिनपगारी जाऊ लागले. मराठी मुलूखच तो, भाषेची अडचण येईल हे मनातही आलं नाही.

पहिल्याच दुपारी, वर्ग भरायचा त्या ओसरीवर, एका वयस्क अक्कांनी मायेनं विचारलं, "ताई, तुले आंडोर शे का?"

मला वाटलं, त्या अंड्यांबद्दल विचारताहेत. म्हटलं, "आमच्या घरात चालत नाही. सासूबाईंना वासही सहन होत नाही."

अक्का उठून माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. शेवटी, चार इयत्ता शिकलेल्या एका सुनेनं हसू दाबत सांगितलं, "ताई, आंडोर म्हणजे मुलगा."

मी कपाळाला हात लावला, तशी सगळी ओसरी हसायला लागली. अक्कांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. "आते तू खाले बस. आम्ही तुले शिकाडसूत."

तेव्हापासून अर्धा वेळ मी शिकवायची, अर्धा वेळ त्या. वर्षभरात अक्का सही करू लागल्या. मी अहिराणी बोलायला लागले की बायका मात्र आधीच तोंडाला पदर लावून बसायच्या.