पार्टीभाऊ

पार्टीभाऊंच्या जगात माणसं नव्हती, पार्ट्या होत्या. घर बघायला आलेलं जोडपं ही एक पार्टी, घर विकायला काढलेले रिटायर्ड मास्तर ही दुसरी पार्टी. दर रविवारी घरं बघत हिंडायचं आणि घ्यायचं काहीच नाही, ती 'टाइमपास पार्टी'. बोलते कमी आणि भिंतीवर टिचकी मारून बघते, ती 'भारी पार्टी'. गारखेड्यात घरांची दलाली करणाऱ्या या गृहस्थाचं खरं आडनाव आमच्या गल्लीत बहुधा कुणालाच माहीत नव्हतं. ते स्वतःच सांगत, "कोणालाबी पार्टीभाऊ म्हणून विचारा, माझ्या दारात आणून सोडतील."

आमच्या फाटकाबाहेरचा सिमेंटचा बाक हे त्यांचं ऑफिस. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, आणि स्कूटरच्या डिकीत दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांच्या किल्ल्यांचा खुळखुळणारा जुडगा. फोनवर ते इतक्या मोठ्यानं बोलत की पलीकडच्या माणसाला मोबाइलची गरजच नसावी. पण एक गोष्ट मी नेहमी पाहिली. रिकाम्या घरात शिरतानासुद्धा ते चपला बाहेर काढत. एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्याचं घर हाय तो नसला म्हणून काय झालं, ताई? घर तर हाय ना तिथं."

माझी आई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. बाबा गेल्यानंतर ती त्या घरात एकटीच राहत होती आणि मी नोकरीमुळे पुण्यात, माझ्या मुलीबरोबर दोघीच. दुपारी ती व्हरांड्यात बसे आणि बाकावरचं भाऊंचं बोलणं आपोआप तिच्या कानावर पडे. एके दिवशी तिचा मला हसत हसत फोन आला. भाऊ कुणाला तरी सांगत होते, "मुलीकडची पार्टी उद्या पार्टी देणार हाय, तिथंच मुलाकडची पार्टी पक्की करून टाकू." (घरांच्या जोडीला ते लग्नंही जमवत. दोन्हीकडं बघायला जावंच लागतं, मग एका पेट्रोलमध्ये होतं, असं त्यांचं म्हणणं.) आई म्हणाली, "एका वाक्यात तीनदा, आणि कुठंही अडखळला नाही बघ!"

मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली. चहा द्यायच्या निमित्तानं तिनं भाऊंना व्हरांड्यात बोलावलं आणि या एका शब्दाचे इंग्रजीतले अर्थ समजावले. राजकीय पक्ष म्हणजे पार्टी, कोर्टातला पक्षकार म्हणजे पार्टी, मेजवानी म्हणजे पार्टी, आणि डोंगरात हरवलेल्या माणसाला शोधायला निघालेली तुकडी, तीही पार्टीच. भाऊंनी मान तिरकी करून सगळं नीट ऐकलं.

"आन गिऱ्हाईक, बाई?"

"इंग्रजीत गिऱ्हाइकाला कुणी तसं म्हणत नाही."

"मग त्यांचा शब्द अर्धाच हाय," भाऊ म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

या शब्दापायी त्यांची फजितीही होई. समोरच्या घरातल्या सुनेनं एकदा हाक मारून सांगितलं, "भाऊ, संध्याकाळी आमच्याकडे पार्टी आहे, या." भाऊ सहा वाजता कागदपत्रांची पिशवी आणि मोजायची टेप घेऊन हजर. आत फुगे लावलेले, पोरं डोक्यावर कागदी टोप्या घालून नाचतायत. भाऊ जराही बावरले नाहीत. टोपी घातली, केक खाल्ला आणि निघण्यापूर्वी हॉल मोजून घेतला. "आलोच हाय तर," म्हणाले. आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराला आलेल्या एका तरुणानं बाकापाशी थांबून विचारलं होतं, "काका, यंदा पार्टी कोणती?" त्यावर भाऊ म्हणाले, "दोन हायेत. नाशिकची जरा ढिली हाय, पन कन्नड गावची एकदम पक्की. कन्नडच्या पार्टीची बायको बी तयार हाय." तो पोरगा बराच वेळ आपल्या हातातल्या पत्रकाकडं पाहत उभा होता म्हणे.

पुढं एका पावसाळ्यात आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. मोडलं-तुटलं काही नाही, पण मी रात्रीच्या गाडीनं निघून आले. मी ठरवलं की आता हिला एकटं ठेवायचं नाही. घर विकायचं, हिला पुण्याला न्यायचं. आईला तसं बोलले तर ती लगेच म्हणाली, "अगं, मी तेच म्हणणार होते. भाऊंना सांगून टाकू." इतक्या पटकन तयार झाली की मला हलकं वाटलं. भाऊंनी घर आतून-बाहेरून फिरून पाहिलं, गच्चीवर बराच वेळ थांबले आणि खाली येऊन एवढंच म्हणाले, "बघू. चांगली पार्टी लागंल."

पार्ट्या येऊ लागल्या. छावणीतलं एक कुटुंब आलं, एक डॉक्टर नवरा-बायको आले, देवळाशेजारी घर हवं असणाऱ्या दोन सख्ख्या जावा आल्या. येणारा प्रत्येक जण फाटकातून हसत आत शिरायचा आणि गंभीर चेहऱ्यानं बाहेर पडायचा. पुन्हा कुणाचाच फोन नाही. आई पडल्यापासून दर शनिवारी मी पुण्याहून यायची, रविवारी घर झाडून-पुसून पार्टी यायची वाट बघायची आणि रात्रीच्या गाडीनं परत जायची. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी घर तिथंच.

एका रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली मागच्या अंगणात भाऊ एका बँकेतल्या जोडप्याला घर दाखवत होते. त्यांचा तो दणदणीत आवाज वर येत होता. "घर तसं ठीक हाय. फक्त उन्हाळ्यात वरची खोली तापते, लई तापते. नळाला पाणी कधी येईल ते मलाबी सांगता येत नाय. आन ते पलीकडं दिसतं ना, ते लग्नाचं लॉन. डीजेनं खिडक्या थरथरतात. पन तुम्हाला आवाजाची आवड असंल तर मग काय चिंता नाय."

लॉन होतं खरं, पण दोन गल्ल्या सोडून. मी ओल्या हातांनीच खाली धावले. तोवर ते जोडपं गाडीत बसलं होतं. आवाज ऐकून आईही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"भाऊ," मी म्हणाले, "तुम्ही आमचं घर विकताय की पाडताय?"

भाऊंनी दोन्ही मोबाइल बंद केले. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात खाली बसले आणि म्हणाले, "ताई, रागावू नका. सौद्यात पार्ट्या दोन लागतात. एक घेणारी, एक देणारी. घेणाऱ्या मी ढिगानं आणल्या. देणारी पार्टीच सापडंना मला."

"म्हणजे? आम्ही दोघी इथं बसलोय की."

"व्हय. त्याचाच घोळ हाय. पयल्याच दिवशी तुम्ही मला फाटकापाशी काय सांगितलं? आईला इथं एकटीला करमत नाय, तिच्यासाठी इकतोय. आन चहा देताना बाई काय म्हणाल्या? पोरगी दर आठवड्याला ये-जा करून दमली, तिच्यासाठी इकतोय. बाई म्हणतात पोरीसाठी, तुम्ही म्हणता आईसाठी. मग सोतासाठी कोण इकतंय? मला वाटलं, आज ना उद्या बोलतील दोघी एकमेकींशी. तवर पार्ट्या पळवायची जिम्मेदारी माझी."

मी आईकडं वळले. विचारलं, "आई, तुला खरंच करमत नाही इथं?"

"मला?" आई म्हणाली. "मला इथं सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत करमतं. तुझ्या त्या सातव्या मजल्यावर मी काय करणार होते, हेच मला कळत नव्हतं. पण तू एवढी काळजी करतेस म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?"

मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. आईचंही तेच झालं. भाऊ उठून बाकावर जाऊन बसले आणि दोन्ही मोबाइल चालू केले.

पंधरवड्याच्या आत त्यांनी नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आणल्या आणि वरची, उन्हाळ्यात लई तापणारी खोली त्यांना भाड्यानं दिली. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले तेही स्वतः उभं राहून. मी पुण्यात निवांत झोपू लागले. आई त्या मुलींना संध्याकाळी इंग्रजी शिकवू लागली आणि मुली तिचं ब्लडप्रेशर बघू लागल्या. भाऊंनी दलाली घेतली नाही. म्हणाले, "सौदा झालाच नाय तर घेऊ कशाची? शिरा करा एकदा." आईनं शिरा केला. तो आवडला, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा करायला लावला.

गेल्या वर्षी भाऊंनी धंदा आवरला. गुडघे स्कूटरला दाद देईनात आणि गावी, देवगाव रंगारीला, भावानं लावलेल्या कांद्याकडं बघायला माणूस हवा होता. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी डिकीतली एकेक किल्ली ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिली. आमच्या घराचीही एक होती. आईनं ती परत त्यांच्याच हातात ठेवली. म्हणाली, "असू दे तुमच्याजवळ, भाऊ. गावाहून कधी आलात आणि मी घरात नसले तर बाहेर उभं राहू नका."  भाऊंनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, वरून हात ठेवला आणि निघाले.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला हैदराबादला चांगली नोकरी मिळाली आणि रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "मी नाही म्हणून कळवणार आहे. इथंच बघते काहीतरी." मी "बरं" म्हणणार होते. तेच मला सोयीचं होतं. पण घास खाली ठेवला आणि विचारलं, "हे तू कुणासाठी ठरवलंस?" ती आधी चिडली, मग म्हणाली, "तू एकटी पडशील." मी म्हणाले, "पडेन थोडे दिवस. पण तुला जायचंय का, ते सांग." तिला जायचं होतं. लई जायचं होतं.

या रविवारी तिला गाडीत बसवून घरी आले आणि सगळ्यात आधी देवगावला फोन लावला. मुलीचं जायचं ठरल्याचं त्यांना आधीच कळवलं होतं. भाऊ शेतातच होते.

"गेली व्हय पोरगी? लई झ्याक झालं. तुम्ही रडल्या का?"

"रडले थोडी."

"मग आता जेवून घ्या," भाऊ म्हणाले, आणि फोन न ठेवताच, थेट पुण्यात ऐकू येईल अशा आवाजात, कुणाला तरी मोटर बंद करायला सांगू लागले.