गादीत काय आहे ते मीच सांगते

गादीवाल्या काकूंशी भांडायचं असेल तर माणसानं घरून पोटभर जेवून निघावं, असं गल्लीत म्हणतात. उगीच नाही म्हणत. काकूंचा आवाज चढला की समोरचा घड्याळजी दुकानाचं दार लावून घेतो. म्हणतो, हात हलतो आणि बारीक स्क्रू कुठल्या कुठे जातात.

पुढे दुकान, मागे कापूस पिंजायचं यंत्र आणि वर माळ्यावर संसार, असा काकूंचा पसारा. कापूस डोक्यात, कापूस भांड्यात, कापूस चहाच्या गाळणीत. यजमानांना सगळे काका म्हणतात. शिलाईत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण माणूस इतका भिडस्त की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच 'माफ करा' म्हणतील. म्हणून मालाची खरेदी, घासाघीस आणि वसुली काकूंकडे, आणि टाके काकांकडे.

त्या वर्षी धंदा पार बसला होता. फोमच्या गाद्यांनी गिऱ्हाईक पळवलं होतं, आणि दुकानाचा मालक 'कधी सोडताय जागा?' म्हणत रोज चक्कर मारायचा. अशात बाळंतपणाच्या हॉस्पिटलनं एकदम तीस गाद्या सांगितल्या. हे काम नीट पार पडलं तर दुकान तगणार होतं, नाहीतर कुलूप. काकूंनी तडक कापसाच्या शेठचं दुकान गाठलं.

शेठनं त्यांच्या तळहातावर मूठभर कापूस ठेवला. काय कापूस होता! पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. "सगळ्या गासड्या अशाच, वहिनी. डोळे झाकून न्या."

डोळे झाकून काकूंनी जन्मात काही घेतलं नव्हतं. त्यांनी ती मूठ कागदात बांधली. "नमुना राहू दे माझ्यापाशी," म्हणाल्या.

पण गासड्या आल्या त्या दिवशी काकू नेमक्या आजारी बहिणीकडे गेलेल्या. काकांनी पहिली गासडी फोडली. वरचा थर नमुन्यासारखा. खाली हात घातला तर गिरणीतली झाडलोट! तेलकट गुंते, दोऱ्यांचे तुकडे, चिंध्यांचा भुगा. परत करायचं म्हणजे शेठशी बोलणं आलं, आणि शेठशी बोलण्यापेक्षा काकांना शिवणं सोपं वाटलं. त्यांनी चार गाद्या भरल्या, वरून चांगला कापूस पसरला आणि शेठच्याच हमालाकरवी हॉस्पिटलात पोचवल्यासुद्धा.

काकू परतल्या, त्यांनी दुसरी गासडी उघडली, आणि घड्याळजीनं दार लावून घेतलं.

"अहो, तुम्हाला दिसलं आणि तरी शिवलंत?"

"वाटलं, आत कोण बघतंय..."

"बाळंतिणी झोपणार आहेत त्यावर! तान्ही लेकरं!"

काकांनी हातातली सुई खाली ठेवली. काकूंना राग आला आणि रागाच्या जोडीला रडूही आलं, ते त्यांनी पदरानं पुसून टाकलं.

काकूंची नणंद एका वकिलाकडे कामाला आहे. तिला विचारलं तर ती म्हणाली, "वहिनी, नमुना दाखवून माल विकला तर सगळा माल नमुन्यासारखाच हवा. दोष आत दडवलेला असेल तर घेणाऱ्याला परत करता येतो. पण कळल्या कळल्या तक्रार कर. गप्प बसलीस, वापरत राहिलीस, की माल तुला पसंत पडला असंच धरतात."

काकू नमुन्याची पुडी एका हातात आणि झाडलोट दुसऱ्या हातात घेऊन शेठपुढे उभ्या राहिल्या. शेठ गादीवरून उठलासुद्धा नाही.

"बघून नेलात ना?"

"वरचं बघितलं. खालचं तुम्ही दाखवलं नाहीत."

"आणि चार गाद्या भरून विकल्यात त्या? माझ्याच हमालानं पोचवल्यात." शेठ हसला, मग आवाज बारीक करून म्हणाला, "तुम्ही तक्रार केलीत की मीही हॉस्पिटलात फोन करीन. गादीवालीनं आत काय भरलंय ते त्यांना कळायला नको? त्यापेक्षा उरलेलंही भरून टाका. शिवल्यावर कोण बघतं?"

जन्मात पहिल्यांदा त्या उत्तर न देता दुकानाबाहेर पडल्या. मेल्यानं बरोबर नाक दाबलं होतं! बोलावं तर काम जाणार. गप्प बसावं तर आज झाडलोट, उद्या तो माती भरायला सांगणार आणि आपण भरणार. रस्त्यात उभं राहून काकूंनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि घरी न जाता थेट हॉस्पिटलकडे वळल्या.

"मेट्रनबाई, त्या चार गाद्या मला परत द्या."

"का?"

"आत कचरा आहे. कापसाच्या शेठनं मला फसवलं हे खरं, पण तुम्हाला विकला तो आम्ही. त्यात शेठचा संबंध नाही."

मेट्रनबाई काही देवीचा अवतार नव्हत्या. त्यांनी खरपूस समाचार घेतला, गाद्या तिथल्या तिथे काढायला लावल्या आणि निम्मं काम काढून घेतलं. "उरलेल्या आणाल त्यातली कुठलीही एक मी माझ्यासमोर उसवून बघणार."

"एक का, सगळ्या उसवा. परत शिवून देऊ," काकू म्हणाल्या. निम्म्या कामावर दुकान तगेल की नाही, देव जाणे. पण मान मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या वेळी एक हातगाडी शेठच्या दारात उभी राहिली. वर चार गाद्या, दोन गासड्या, आणि गाडी ओढत घामाघूम झालेले काका. काकूंनी कात्री काढली आणि पहिली गादी भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या पायाशी टराटरा उसवली. तेलकट गुंते फरशीवर पसरले. मग दुसरी.

शेठ धावत आला. "करू का फोन हॉस्पिटलात?" तो दातओठ खात पुटपुटला.

"करा की! नंबर देऊ? मेट्रनबाईंना मी कालच सांगून आलेय. तुम्ही सांगितलंत तर कचरा तुमच्याच गासडीतला, अशी माझ्या बाजूची साक्षच होईल!"

शेठचा फोन हातातच राहिला. आजूबाजूला बघत तो घाईघाईनं म्हणाला, "बरं, बरं, गासड्या ठेवा. पैसे घ्या आणि जा."

"गासड्यांचे तर देणारच तुम्ही. चार खोळी वाया गेल्या त्या? शिलाई? निम्मं काम गेलं त्याचं काय?"

"ते मी का देऊ?"

"नका देऊ. ग्राहक न्यायालयात बोलू."

मागे एक उशीवाला आपली गासडी खांद्यावर घेऊन निघाला होता. तो दारातच थांबला. त्यानं फरशीवरच्या झाडलोटीकडे बघितलं, शेठकडे बघितलं, आणि खांद्यावरची गासडी धपकन खाली टाकली.

"काकू," तो म्हणाला, "ती कात्री जरा इकडे द्या."